चतुःसीमा

“बाबा, बसा ना. दानपत्राला काही पाय फुटणार नाहीत,” ज्ञानदा म्हणाली.

चंद्रशेखर बसले आणि लगेच उठले. आर्काइव्हच्या टेबलावर दानपत्र उघडं होतं. आठशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाची मुलगी इथल्या ड्यूकला दिली होती. तिने जवळच्या मठाला पाच शेतं दान केली, असं त्या चामड्यावर लिहिलेलं होतं. पुण्याच्या कॉलेजातून निवृत्त होऊन जर्मनीत मुलाकडे वोल्फ्सबुर्गला आल्यापासून, नऊ वर्षं, ते एवढंच शोधत होते : त्या राजघराण्याने कुठल्या चर्चला कुठली जमीन दिली. त्यांचं अख्खं पुस्तक या एका दानपत्रावर उभं होतं. सोमवारी आर्काइव्ह ते छापायला देणार होतं.

आर्काइव्हच्या फ्राऊ ब्रांट आल्या. त्यांचं इंग्रजी बेताचं, चंद्रशेखरांचं जर्मन बोलण्याचं धाडस त्याहून बेताचं. म्हणून सुनेने, ज्ञानदाने, अर्ध्या दिवसाची रजा काढली होती.

“त्यांना सांग, छपाई थांबवा. हे बनावट आहे.”

“अहो, बाबा! तुम्ही फॉर्मवर स्वतःची जन्मतारीखसुद्धा तीनदा तपासता. उगाच शंका...”

“सांग तू.”

ज्ञानदाने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सांगितलं.

फ्राऊ ब्रांट यांनी भिंग खाली ठेवलं. शिक्का, शाई, अक्षर, सगळं तज्ज्ञांनी तपासलेलं होतं. मग बनावट कशावरून, असं त्यांनी विचारलं.

चंद्रशेखरांनी चतुःसीमांच्या ओळीवर बोट धरलं, न टेकवता. “पूर्वेला ओढा. पश्चिमेला खचलेला बांध. दक्षिणेला ढोली असलेलं पेअरचं झाड. राजाची मुलगी महालात बसून दान देते. झाडाची ढोली तिला कुठून ठाऊक? जमीन देणाऱ्याला ती ठाऊक नसते. जमीन हवी असणाऱ्याला असते. हे मठातच कुणीतरी मागाहून लिहिलंय.”

ज्ञानदाने जर्मनमध्ये सांगितलं. फ्राऊ ब्रांट यांनी भिंग पुन्हा उचलून ती ओळ वाचली. मग हलक्या आवाजात काहीतरी म्हणाल्या.

“त्या विचारतायत, इतक्या वर्षांत हे कुणालाच दिसलं नाही. तुम्हालाच कसं दिसलं?”

चंद्रशेखरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सहज शंका आली, एवढं म्हणून भागलं असतं.

“सांग त्यांना. कुळकायदा आला तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. जमीन कसणाऱ्याची होणार होती. देवस्थानची असली तरच आमच्याकडे राहणार होती. माझं मोडी अक्षर सुरेख. वडिलांनी देवस्थानच्या नावाने पेशव्यांची सनद तोंडी सांगितली, मी लिहिली.”

ज्ञानदा भाषांतर सोडून त्यांच्याकडे वळली. “बाबा, आपल्या गावची जमीन?”

“तीच. वडिलांना उत्तरेची सीमा आठवेना. चिंच घाला, असं मी सुचवलं. यमुनाकाकू ती जमीन कसायच्या. दुपारी मला त्या चिंचेखाली बसवून स्वतःच्यातली अर्धी भाकरी द्यायच्या.”