हाडकुळे सर

"ज्यांची एक खूणसुद्धा उरली नाही, त्यांचं नाव शाळेला कशाला?" असं म्हणून देणगीदारांनी संस्थापकांची एखादी खूण दाखवायला संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. नाहीतर फाटकावरचं संस्थापकांचं नाव जाऊन देणगीदारांचं लागणार होतं. याच शाळेत शिकलेल्या मुख्याध्यापिकाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी माळा उपसला, कपाटं पालथी घातली. पण ना फोटो मिळाला, ना चष्मा, ना काठी. देणगीदार येणार म्हणून त्यांनी सकाळीच प्रयोगशाळा झाडून घेतली होती. फुटक्या बरण्या आणि पोरं ज्याला 'हाडकुळे सर' म्हणून नमस्कार करायची तो जुना सांगाडा भंगारवाल्याला देऊन टाकला होता. तिथंही काही सापडलं नव्हतं.

शेवटी त्यांनी जीवशास्त्राच्या निवृत्त सरांना फोन लावला.

"सर, पाया पडते, काहीतरी आठवा हो! संस्थापकांचं काहीच कसं उरलं नाही?"

"काहीच कसं? अहो बाई, ते अख्खे आहेत की शाळेत!" सर हसले. "मेलो तरी शाळा सोडणार नाही, म्हणायचे. म्हणून तर देहदान केलं.


प्रयोगशाळेचं दार उघडा, समोरच उभे असतील."