मार्थाबाईंची पाकिटं

बाहेर जीप सुरू होती आणि रूथ सिस्टरच्या दोन्ही तळहातांवर पांढऱ्या गोळ्या होत्या. तापाची कुठली आणि रक्तदाबाची कुठली, हे तीस वर्षं नर्स असूनही तिला सांगता येईना.

दरड कोसळलेल्या वाडीवर आठवडाभर उपचार करायला चर्चची मंडळी निघाली होती. म्हाताऱ्या मार्थाबाईंनी दोन दिवस खपून सगळ्या गोळ्या पट्ट्यांतून सोडवल्या, पाकिटांत भरल्या आणि प्रत्येक पाकिटावर सुबक अक्षरात देवाचं वचन लिहिलं. औषधाचं नाव एकावरही नव्हतं.

“रिकाम्या पट्ट्या कुठायत, मार्थाबाई?”

“बंबात घातल्या. उगाच कचरा कशाला.”

रविवार होता, औषधांची दुकानं बंद. रूथने बादली पुढ्यात ओढली आणि पाकिटामागून पाकीट तिच्यात रिकामं करत सुटली. आता वाडीवर जाऊन नुसत्या जखमा बांधायच्या.

मार्थाबाईंनी ढिगातलं एक पाकीट उचलून मुठीत धरलं. “हे एवढं असू द्या, सिस्टर. साखरेच्या आजारावरची गोळी आहे. माझी लेक रिबेका त्याच वाडीवर दिलीय, तिला साखर आहे. तीन दिवस फोन लागत नाही तिचा.”

“साखरेचीच कशावरून?”

मार्थाबाईंनी पाकीट उलटून पाहिलं आणि पुन्हा मुठीत धरलं. “मला आपलं वाटलं,” त्या हळूच म्हणाल्या.

रूथने पाकीट त्यांच्या मुठीतून सोडवून घेतलं. आतल्या गोळ्या बादलीत ओतल्या. मग वचन वर येईल अशी रिकाम्या पाकिटाची घडी घालून तिने ती कोटाच्या खिशात ठेवली.

“देते तिला,” ती म्हणाली.