नवसाचे केस

“कशाला एवढ्या पिना लावतीस? शुक्रवारी जाणारच की सगळे.”

अव्वा मान वर न करता बोलली. अंबादासची ही म्हातारी आई दाराशी पुढ्यात सूप घेऊन बिडीची पानं कापत बसली होती. सुनेचा, रेश्माचा हात मुलीच्या डोक्यावर तसाच थांबला.

शुक्रवारी तिरुपतीला जायचं होतं. चौघांची तिकिटं काढलेली होती. दर्शनाला जातोय, एवढंच रेश्माला सांगितलं होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. अंबादास उप्पीट खात होता. तो ताटलीतच बघत राहिला, त्यावरून त्यालाही ठाऊक होतं हे तिला कळलं.

काय जाणार, असं तिनं विचारल्यावर अव्वानं सरळ सांगून टाकलं. दिवाळीत अंबादासला डेंग्यू झाला, पेशी वीस हजारांवर आल्या, डॉक्टर धड काही बोलेनात, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून तिनं हात जोडले होते. पोरगा घरी येऊ दे, नातीचे केस देते. पोरगा घरी आला. आता बोललेलं फेडायला नको?

अक्षता पाटावर पाठमोरी बसली होती. आईला एकेक द्यायच्या म्हणून पिना तिच्या ओंजळीत होत्या. तिनं मूठ मिटली.

पाचवीच्या सुट्टीत तिचे केस असेच दिले होते. तेव्हा नवस घराच्या जागेसाठी होता. तिला काही कळत नव्हतं, तिथं ती हसतच बसली. कळलं ते शाळा उघडल्यावर. पोरं मागून टपली मारून पळायची. सहावीचं अर्धं वर्ष ती रुमाल बांधून गेली. पुढं संक्रांतीला पहिल्यांदा केसांत पिन टिकली, त्या दिवशी तिनं घरातल्या प्रत्येकाला डोकं जोरजोरात हलवून दाखवलं होतं. अव्वालासुद्धा. आता ती सातवीत होती आणि केस कानाखाली आले होते. वेणी अजून होत नव्हती. डावीकडे भांग, पुढची बट जराशी पिळून मागं, तिच्यावर फुलीसारख्या दोन पिना, मग कानामागं एकेक. मानेवरचे बारके केस काळ्या पिनांनी वर दाबायचे. हे सगळं तिनंच आरशापुढं बसून शोधून काढलं होतं आणि आईला शिकवलं होतं.

रेश्मानं कानामागची पिन इतक्या जोरात दाबली की पोरगी कळवळली.

“ते केस तुमचे होते का द्यायला?” तिचा आवाज चढला नव्हता, पण पानांवरची कातर थांबली.

अव्वा म्हणाली, केस परत येतात, पोरगा परत येत नाही. तिचे स्वतःचे तीनदा दिले होते. एकदा भावासाठी, एकदा बापाच्या बंद पडलेल्या हातमागासाठी. तिसऱ्यांदा तर लग्न होऊन सहा महिने झालेले, सासऱ्याच्या डोळ्यांसाठी. डोक्यावरून पदर ओढून ती दुसऱ्या दिवशी बिड्या वळायला बसली होती. कारखान्यातल्या बायका पदर खाली ओढून बघायच्या आणि हसायच्या. सांगता सांगता अव्वा जरा अडखळली. मग एकदम चिडून म्हणाली, “मला कोण विचारलं होतं?”

“नाही ना विचारलं? मग तुम्हाला तर कळायला पाहिजे होतं.”

अंबादासनं उठून हात धुतले. संध्याकाळी बोलू, सकाळच्या पारी देवाचा विषय नको, असं काहीबाही तो पुटपुटला. रेश्मानं त्याला सांगितलं, तुम्ही दोघं जा, आम्ही दोघी येणार नाही. त्यावर तो म्हणाला की असं कसं, आईनं शब्द दिलाय, उद्या मला परत काही झालं तर?

“म्हणजे भीती तुम्हाला, आणि डोकं हिचं?”

तो टॉवेलला हात पुसायचाही विसरला.

बाहेर शाळेच्या रिक्षानं हॉर्न दिला. अक्षतानं मूठ उघडली. पिनांचे दात तळहातावर उमटले होते. उरलेल्या दोन काळ्या पिना रेश्मानं घाईनं मानेवर खोचल्या. पोरीनं दप्तर पाठीला लावलं. दारात अव्वाचं सूप आडवं होतं. ते ओलांडायला तिनं पाय उचलला, तेवढ्यात अव्वानं तिचं मनगट धरलं.

“देतीस का गं केस?”

अक्षतानं आईकडे पाहिलं. रेश्मानं मुद्दाम तोंड फिरवलं आणि पाट उचलून भिंतीला लावला. पोरीनं बापाकडे पाहिलं. तो खाली बघत होता. काय बोलायचं ते तिला कुणीच सांगितलं नाही.

“नाही,” ती म्हणाली. आवाज फुटला, म्हणून तिनं पुन्हा नीट म्हटलं. “नाही, अव्वा.”

अव्वानं मनगट सोडलं. अक्षता सूप ओलांडून गेली. रिक्षा बोळाच्या टोकाला वळली.

मग अव्वानं कातर सुपात आपटली. पानं उडून फरशीवर पडली.

“ऐकलास?” ती लेकाला म्हणाली. “तुझ्यासाठीच बोलले होते. आता तू सांग. तू देतोस का?”

अंबादासचा ओला हात आपसूक डोक्यावर गेला.