वणव्याचा जबाब

“लिहून घ्या. हाच होता,” नीलिमा म्हणाली. “समोर बसलाय तो.”

वनरक्षक उत्कर्षाने जबाबाचा कागद जीपच्या बॉनेटवर ठेवला. समोरचं पठार काळंठिक्कर पडलं होतं. जागोजागी अजून धूर निघत होता. मधल्या खडकाळ पट्ट्यावर नीलिमा आणि तिचा नवरा मिलिंद यांची कॅम्पर व्हॅन उभी होती. तिच्या मागच्या बाजूचा रंग फुगून आला होता.

कोंडीबा मातीत उकिडवा बसला होता. साठीच्या पुढचा माणूस. फांदीने आग झोडपताना भाजलेल्या हाताला त्याने ओलं फडकं गुंडाळलं होतं.

“आवं म्याडम, माझंच गवात हाय त्यात,” तो म्हणाला. “निम्मं कापायचं ऱ्हायलंय. आपली वैरण आपुनच कोन पेटवंल?”

“मग गेल्या साली कुणी पेटवलं हुतं?” दादासो ओरडला. ही कॅम्पिंगची जागा त्याची. त्याचे दोन तंबू जळाले होते आणि मघापासून तो म्हाताऱ्याच्या अंगावर धावून जात होता.

“गवात काढल्यावर पेटवलं हुतं. खुट जळलं की फुडच्या साली जोमानं येतंय, म्हनून समदीच पेटवत्यात. तू बी पेटवायचास रं, तंबू टाकायच्या आधी. मी गेल्या साली कबूल केलं. आज न्हाई पेटवलं.”

दादासो दोन पावलं मागे सरला.

“बाबा, गेल्या वर्षी समज देऊन सोडलं होतं,” उत्कर्षा म्हणाली. “यंदा गुन्हा दाखल झाला तर जेलमध्ये जाल. माझ्या हातात काही राहणार नाही.”

“म्हनूनच सांगतोय न्हवं.”

नीलिमाचा आवाज चढला. “जोमानं येतं म्हणे. कॉलेजात असताना आम्ही गावोगाव फिरून सांगितलंय, डोंगर पेटवू नका म्हणून. किडे, पक्ष्यांची अंडी, सगळं जळतं. तुम्ही ऐकता का कुणाचं? आज माझी मुलगी होती तिथे. चार वर्षांची.”

ही जागा तिने तीन आठवडे खपून निवडली होती. खंडाळ्याजवळची एक बरी होती, पण हायवेचा आवाज फार. औंधला वाट छान, चढ मात्र अंगावर येणारा. तिला लहानग्या यशूच्या पायांना झेपेल अशी वाट हवी होती. जवळ कडा नको, उघडी विहीर नको, दवाखाना अर्ध्या तासावर हवा. इस्लामपूरहून निघण्याआधी तिने दादासोला सात वेळा फोन केला होता. बिबट्या, साप, मधमाश्या, सगळं विचारून झालं होतं. वणव्याचं विचारायचं राहिलं.

जेवणं झाल्यावर मिलिंद पायवाट कशी आहे ते बघून यायला एकटा पुढे गेला होता. दरवेळी तो आधी जाऊन येई, मगच यशूला न्यायचं. हा नीलिमाचा नियम. धूर दिसताच तो धावत माघारी आला, तोवर कोंडीबाने आग व्हॅनपासून पाच हातांवर अडवली होती.

“तुम्ही नेमकं काय पाहिलंत?” उत्कर्षाने विचारलं.

“मी यशूला झोपवत होते. खिडकीतून दिसलं. हे वाटेच्या तोंडाशी खाली वाकून बसले होते. उठले तेव्हा तिथून धूर येत होता.”

“पायात काटा मोडला हुता, बाई,” कोंडीबा म्हणाला. “त्यो काढाया बसलो. आन् पेटवनारा इजवाया पळतोय व्हय?”

“सापडलात, म्हणून विझवायला पळालात.”

कोंडीबाने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

उत्कर्षाने पेन थांबवलं. व्हॅनच्या पायरीवर यशू बसली होती. अंगात धुतलेला फ्रॉक, केस ओले, नीट विंचरलेले. उत्कर्षा तिच्याजवळ जाऊन वाकली.

“काय गं बाळा, तू पाहिलंस का आजोबांना?”

नीलिमा मध्ये आली. “तिला विचारायचं नाही.”

“एकच प्रश्न, ताई. दोघांचं म्हणणं वेगळं पडतंय.”

“ती अजून थरथरतेय. चार वर्षांच्या मुलीला साक्षीला उभं करणार तुम्ही? माझ्या सांगण्यावर विश्वास नसेल तर तुमच्या साहेबांना फोन लावा. मी बोलते त्यांच्याशी.”

“अगं, हळू,” मिलिंद म्हणाला.

“का हळू? आपली पोर जळाली असती, मिलिंद.”

उत्कर्षा परत बॉनेटशी गेली. नीलिमाने जबाब शेवटपर्यंत वाचला, एका ठिकाणी वेळ दुरुस्त करायला लावली आणि सही केली.

कोंडीबा उठला. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश.

“शिकल्याली बाई हाईस,” तो म्हणाला. “तुज्या शब्दाला कोन न्हाई म्हनंल? माज्या शेरडांना तेवढं पानी दाव, दादासो.” मग तो कुणी न सांगता जीपमध्ये मागे जाऊन बसला.

जीप उतार उतरून दिसेनाशी झाली, तरी नीलिमा तिथेच उभी होती. मिलिंदने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“बरं झालं तू पाहिलंस. नाहीतर सुटला असता म्हातारा.”

“चल इथून,” ती म्हणाली.

मिलिंदने गाडी सुरू केली. “पुढच्या वेळी सागरेश्वरच्या बाजूला बघू या का? वाटा सोप्या आहेत तिकडे.”

“बघू.”

ती पुढे बसली नाही. मागे यशूला मांडीवर घेऊन बसली. गाडी खडखडत उताराला लागली. इंजिनाच्या आवाजात पुढचं मागे आणि मागचं पुढे ऐकू येईना, तेव्हा तिने यशूचा दंड घट्ट धरला आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

“परत कधी गवताला काडी लावलीस तर याद राख,” ती म्हणाली. “आणि बाबांना यातलं काही सांगायचं नाही.”