प्रतिभावंतांचा व्हिसा

“पानभर शिफारसपत्र हवं होतं, मॅडम. प्रतिभावंतांच्या व्हिसासाठी.” मी जुन्या कंपनीतल्या बॉस नाडगौडा मॅडमना फोन केला होता.

“अरे, तुझं काम ठीकच होतं. पानभर काय लिहू? अर्ज ऋजुताचा असता, तर तीन पानं लिहिली असती.”

ऋजुता म्हणजे माझी बायको. आम्ही दोघं मॅडमच्याच टीममध्ये कोडिंग करायचो. फोन स्पीकरवर होता आणि ती शेजारीच माझी प्रमाणपत्रं स्कॅन करत होती. आधी मी रुसलो. मग हसू आलं, कारण मॅडमचं खरं होतं.

“अर्ज भरू का मग मीच?” तिने हळूच विचारलं.

तिला व्हिसा मिळाला, आणि तिच्यासोबत मलाही. लंडनच्या विमानतळावर अधिकाऱ्याने मला विचारलं, “प्रतिभावंत तुम्हीच का?”

“छे, त्या ह्या,” मी ऐटीत बायकोकडे बोट केलं. “मी नुसता नवरा.”