पौर्णिमेची सुट्टी

दिव्याच्या सापळ्यांना महिन्यातून एकच सुट्टी, पौर्णिमेची. नदीभर चांदणं सांडलं की पाण्यात बुडवलेल्या पेटीतल्या इवल्याशा दिव्याला मासे नि झिंगे हुंगूनही बघत नाहीत. म्हातारीचं थकलेलं अंग महिनाभर या एका झोपेची वाट बघायचं. आज तिने भांडी आवरली, अंथरूण घातलं, तेवढ्यात अंगणातून नवऱ्याची हाक आली.

“अगं ऊठ, सापळे काढ! नशीब बघ आपलं. पौर्णिमा असून आभाळ गच्च भरलंय, चंद्राचा पत्ता नाही. आज मासळी दिव्यावर तुटून पडेल.”

ती कण्हत, पुटपुटत दारात आली. बाहेर सुईत दोरा ओवावा असं लख्ख चांदणं पडलं होतं.

“अहो, थट्टेला काही सुमार...” म्हणता म्हणता ती थांबली. तो चंद्राकडेच तोंड करून, डोळे ताणून चंद्र शोधत होता. गुडघे दुखतात म्हणत तो हल्ली नदीच्या उतारावर तिचा खांदा का धरायचा, ते तिला आत्ता कळलं.

तिने सापळे उचलले.

“खरंच हो, मिट्ट काळोख आहे,” ती म्हणाली. “मला तर पुढचं काही दिसेना. माझा हात धरा बरं.”