बुरुजावरून काय दिसतं

“आधी तुम्ही,” धम्मपाल म्हणाला.

“छे, आधी तुम्हीच,” अंजली म्हणाली.

देवळाली कॅम्पच्या पलीकडे, डोंगरावरच्या वनउद्यानात इंग्रजांच्या काळातला एक दगडी टेहळणी बुरूज आहे. त्याच्या दाराशी दोघांचं हे असं कितीतरी वेळ चाललं होतं. आत अंधारा गोल जिना, वर जेमतेम कमरेएवढा कठडा. खाली झाडाखालच्या बाकांवर दोन्हीकडची वडीलधारी मंडळी डबे उघडून बसली होती. घास तोंडात होते, पण कान सगळे जिन्याकडे. शेवटी धम्मपालनंच छाती पुढे काढली आणि पहिली पायरी चढला.

खरं सांगायचं तर धम्मपालला उंचीची भयंकर भीती होती. नाशिक रोडला प्रेसमध्ये नोकरी लागली, तिसऱ्या मजल्यावर क्वार्टर मिळालं, तर यानं साहेबांच्या हातापाया पडून तळमजला मागून घेतला. घरातला बल्ब गेला की स्टुलावर शेजारी चढायचा आणि हा खाली स्टूल धरायचा.

असा हा गडी बुरुजावर निघाला तो अंजलीपायी. तिच्या घरी पोहे खायला गेला तेव्हा त्यानं फाटका मोजा दुसऱ्या पायाखाली दडवला होता. तिनं ते नेमकं पाहिलं. कुणाला काही न बोलता हसू दाबलं आणि पोह्यांची दुसरी बशी त्याच्यापुढे सरकवली. धम्मपाल तिथंच खलास. लग्न करीन तर हिच्याशीच, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

आणि दुसऱ्याच दिवशी हे स्थळ जुळवणाऱ्या लंकाआत्याचा एसटीडी बूथवरून फोन आला. “पोरगी डोंगर म्हनलं का येडी होती बघ! घरकोंबडा नवरा तिला चालायचा नाय. तिला बुरुजावर घेऊन जा.”

“मला पण लय आवडतं,” धम्मपालची जीभ बोलून गेली. पुढं सगळं ओघानंच आलं.

आता तिच्यासमोर फजिती झाली तर संपलंच. म्हणून त्यानं तयारी केली होती. आदल्या रविवारी एकटाच येऊन उद्यानाचा रखवालदार फकिरा याला चहा पाजला आणि वरून काय काय दिसतं ते विचारून घेतलं. समोर त्रिरश्मी लेणी, उजव्या हाताला रेल्वेचे रूळ, पाठीमागं दारणेचं पाणी. पाढ्यासारखं घोकलं. बेत साधा होता. वर जायचं, डोळे गच्च मिटायचे आणि पाठ केलेलं म्हणायचं.

आज फकिरानं दोघांना दारातच बजावलं होतं, “बिगी बिगी जा वर. पावसाळ्याचा काय भरोसा नाय.”

जिन्यात धम्मपालच्या छातीत ढोल वाजत होते. मागून अंजलीच्या बांगड्या वाजत होत्या. वरचा उजेड दिसायला लागला तसं त्यानं डोळे मिटले, चाचपडत कठडा गाठला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला. तोंडावर गार ओल जाणवली. आपल्याला घाम फुटलाय, असं त्याला वाटलं. बांगड्या शेजारी येऊन थांबल्या.

“वा!” तो म्हणाला. आवाज जरा चिरकलाच.

“वा वा!” अंजली म्हणाली.

“समोर बघा, लेणी.”

“खरंच की! पायऱ्यासुद्धा दिसतात.”

“उजवीकडे रूळ.”

“गाडी पण चाललीय. केवढी लांब!”

गाडीचं फकिरा काही बोलला नव्हता. पण गाडीचं काय, ती कधीही येते. धम्मपालला चेव चढला. “आणि मागं दारणेचं पाणी. कसं चमकतंय!”

“डोळे दिपले माझे.”

पाठांतर संपलं, पण गडी आता थांबतोय कुठला! “आणि ते तिकडं, ते आमचं क्वार्टर. तळमजल्यावरचं.”

“तळमजला?” अंजली एकदम खुलली. “अहो, मला तळमजलाच हवा होता! दिसतंय, दिसतंय. दारात जास्वंद लावता येईल आपल्याला.”

“म्हणजे… तुमचा होकार?”

“मग काय उगीच एवढ्या वर आले?”

धम्मपालचं डोकं गरगरलं, पण ते काही उंचीनं नव्हे. आनंदानं त्याला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या, पण कठडा सोडायची छाती होईना. तेवढ्यात जिन्यातून धापा टाकत लंकाआत्या वर आली.

“आगं माय गं, गुडघे गेले माझे! आन् काय बघताय रं दोघं? समदा ढग उतरलाय हितं! मला माझ्या चपला दिसंनात, तुम्हाला कसलं डोंबल दिसतंय?”

धम्मपालनं डोळे उघडले. चहूकडे नुसतं पांढरं. लेणी नाहीत, रूळ नाहीत, दारणा नाही. खालची जमीनच दिसत नव्हती, त्यामुळे भीतीही वाटेना. दिसत होती ती फक्त शेजारी अंजली. कठड्याला दोन्ही हातांनी मिठी मारून ती एक डोळा हळूच किलकिला करत होती.

“तुम्हाला डोंगराचं वेड आहे म्हणाल्या आत्या,” ती पुटपुटली.

“मला म्हणाली, तुम्हाला आहे.”

दोघांनी आत्याकडे पाहिलं. आत्या पदर सावरत लगबगीनं जिन्याकडे वळली. गुडघ्यांची आता तिला आठवण नव्हती.

धम्मपालला हसू आवरेना. “गाडी गेली वाटतं?” त्यानं विचारलं.

“गेली,” अंजलीनं दुसराही डोळा उघडला. “आता उतरतानाही आधी तुम्हीच.”